वाढलेलं आणि खाल्लेलं

मागचे दोन वीकांत रिलीजच्या गडबडीत गेले, त्यामुळे इथे काही खरडता आलं नाही. आज सकाळी मात्र निवांत आहे. चहा झालाय, पोहे व्हायचेत (ते मलाच करायचेत), आणि बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला एक विषय आज संपवून टाकावा म्हणतो. विषय आहे आमच्या धाकट्या बहिणीची डिग्री. बी.एस्सी., अन्नशास्त्र आणि पोषण.

आता प्रांजळपणे सांगतो. २०२१ मध्ये तिनं पहिल्यांदा हे नाव घेतलं तेव्हा मी हसलो होतो.

झालं असं की नीटचा निकाल लागला आणि धाकटीचे मार्क एमबीबीएसला पुरण्यासारखे नव्हते. मग आमच्या सोलापूरच्या घरात गोलमेज परिषद भरली. बाबांचं मत, एक वर्ष गॅप घेऊन पुन्हा बसावं. काकांचं मत, आयुर्वेदाला टाकावं. माझं मत अर्थातच इंजिनिअरिंग, कारण इंजिनिअर माणसाला जगातल्या सगळ्या प्रश्नांचं तेच उत्तर सुचतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नोकरी लागून दोन-अडीच वर्षं झालेली, हिंजवडीत बसून घरी पैसे पाठवणारा कर्ता पुरुष वगैरे. त्यामुळे माझ्या मताला भलताच भाव.

धाकटी शांतपणे म्हणाली, "मला न्यूट्रिशन करायचंय."

"म्हणजे डाएट चार्ट?" मी. "अगं, ते यूट्यूबवर फुकट मिळतात. तीन वर्षं कॉलेजात जाऊन काय शिकणार? पोळी-भाजी? ती आई शिकवेल की."

सगळे हसले. आईसुद्धा हसली. धाकटी तेवढी हसली नाही. तिनं पुण्यातल्या एका कॉलेजचा फॉर्म भरला, हॉस्टेल मिळवलं, आणि फीचे पैसे मागायला माझ्याकडे आली तेव्हा एवढंच म्हणाली, "दादा, देणार असलास तर दे. पण टोमणे नकोत." मी पैसे दिले. टोमणेही चालू ठेवले.

तर ती हॉस्टेलवर आणि मी वाकडला. शनिवार-रविवारी ती माझ्या फ्लॅटवर यायची, मुख्यतः वॉशिंग मशीनसाठी. पहिल्या सहा महिन्यांतच माझ्या लक्षात यायला लागलं की पोळी-भाजीचं प्रकरण वाटलं होतं तेवढं सोपं नाही. तिच्या पिशवीतून जीवरसायनशास्त्राचं जाडजूड पुस्तक निघायचं, ज्यातलं क्रेब्स सायकल बघून मला बारावी आठवून घाम फुटला. शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र. आणि प्रॅक्टिकलला स्वयंपाकघर, पण तेही कसं? तूरडाळ साध्या पाण्यात, जड पाण्यात आणि सोडा घालून अशी तीन पातेल्यांत शिजवायची आणि वेळ मोजायची. सोड्यानं डाळ लवकर शिजते, पण त्यातलं बी-१ जीवनसत्त्व जातं. जड पाण्यात ती शिजता शिजत नाही. आमच्या आजीला हा दुसरा भाग पक्का माहीत होता (पावसाचं पाणी डाळीसाठी वेगळं भरून ठेवायची), पहिला भाग माहीत नव्हता. कॉलेजनं दोन्ही सांगितलं, कारणासकट.

मग एका शनिवारी ती वजनकाटा घेऊन आली. छोटा, डिजिटल, किचनमधला.

"दादा, तुझ्या मावशी पोळ्या करतात ना, त्यातली एक दे."

पोळीचं वजन झालं. मग माझ्या कपाटातल्या सगळ्या वाट्या पाण्यानं भरून मोजल्या. माझ्या घरात तीन आकारांच्या वाट्या निघाल्या आणि सर्वांत मोठीत सर्वांत छोटीच्या दुप्पट पाणी मावलं. "आता सांग," ती म्हणाली, "पेशंट म्हणतो, दोन पोळ्या आणि एक वाटी डाळ खाल्ली. किती खाल्लं?"

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे हे मला एका क्षणात पटलं. एकक न देता आलेली रिक्वायरमेंट! पुण्यातला फुलका आणि सोलापूरची भाकरी दोन्ही "एक"च. पण फुलक्याच्या पिठाच्या तीन-चारपट पीठ भाकरीला लागतं. नुसत्या आकड्याला काही अर्थच नाही.

त्या दिवशी तिनं माझाच बळी घेतला. असाइनमेंट होती, मागच्या चोवीस तासांत माणसानं काय काय खाल्लं ते त्याच्याकडून काढून घ्यायचं. काढून घ्यायचं हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. एकच दिवस चार-पाच वेळा फिरून फिरून विचारतात. आधी आठवेल ते भराभर सांगायचं. मग विसरलेलं आठवायचं, चहा, बिस्किटं, ऑफिसातल्या वाढदिवसाचा केक. मग वेळा. मग प्रमाण, वाट्या दाखवून. आणि शेवटी पुन्हा एकदा, "अजून काही?" तेही अगदी निर्विकार चेहऱ्यानं. भुवई उडवायची नाही, "बापरे" म्हणायचं नाही, "फक्त दोनच ना?" असं उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही.

मी अत्यंत प्रामाणिकपणे माझा दिवस सांगितला. ओट्स, सॅलड, दोन पोळ्या, ग्रीन टी. तिनं लिहून घेतलं. मग ती पाणी प्यायला उठली आणि कचऱ्याच्या डब्याजवळून बिर्याणीचा रिकामा खोका घेऊन परत आली. बिल खोक्यावरच चिकटवलेलं. वेळ, रात्री बारा चाळीस.

"हे कुणी खाल्लं?"

"अगं.. ते रूममेटबरोबर शेअर.."

"तुझा रूममेट गावाला गेलाय."

वाचकहो, तुमच्यापैकी जे सपोर्टमध्ये आहेत त्यांना हा अनुभव नवा नसेल. युजर शपथेवर सांगतो, "मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं." मग तुम्ही लॉग उघडता आणि त्यात त्यानं केलेली सतरा कामं ओळीनं दिसतात. धाकटी म्हणाली, हे सगळ्या जगात होतं. माणसं खाल्लेलं कमी सांगतात, आणि खोटं बोलायचं म्हणून सांगतात असंही नाही. आपण कसे खातो याचं एक चित्र आपल्या डोक्यात असतं, माणूस ते चित्र सांगतो. म्हणून तर विचारायचं तंत्र शिकावं लागतं.

माझे टोमणे त्या दिवसापासून थोडे कमी झाले.

दुसऱ्या वर्षात ती जरा जास्तच रंगात आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेबद्दल तासन्तास बोलायची. ही संस्था १९१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुन्नूरला एका खोलीत सुरू झाली, बेरीबेरी या रोगाचा शोध घ्यायला. पुढे १९५८ मध्ये ती हैदराबादला आली. २०१७ मध्ये या संस्थेनं भारतातल्या ५२८ खाद्यपदार्थांमध्ये काय काय असतं याचे तक्ते नव्यानं काढले. ते पुस्तक धाकटीच्या उशाशी असायचं. आपण ज्वारीच्या पिठाचे आकडे गुगल करतो तेव्हा मुळात कुणीतरी देशभरातून धान्य गोळा करून, दळून, जाळून, मोजून ते काढलेले असतात हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आणि ज्वारीवरूनच आमचं मोठं भांडण झालं. ती एकदा म्हणाली, दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांना पेलाग्रा नावाचा रोग व्हायचा. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलते, जुलाब, पुढे डोक्यावर परिणाम. १९६० मध्ये डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसीन नावाच्या अमिनो आम्लाशी जोडला. त्यावर पुढे बरेच मतभेद झाले, पण मुद्दा असा की जेवणात ज्वारीशिवाय दुसरं काही नसणं हे दुखणं होतं.

सोलापूरच्या माणसासमोर भाकरीला नावं! माझं रक्त खवळलं. "आपले पूर्वज भाकरी खाऊनच धट्टेकट्टे होते," वगैरे मी सुरू केलं.

"भाकरी छानच आहे रे," ती म्हणाली. "भाकरीबरोबर डाळ, ताक, पालेभाजी असेल तर. प्रश्न भाकरीचा नाही. ताटात दुसरं काय होतं आणि ते कुणाच्या ताटात होतं, हा आहे."

कुणाच्या ताटात. हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. आता त्याच्याकडे येतो.

२०२२ ची दिवाळी. आम्ही दोघं हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरला गेलो. धाकटीला कॉलेजनं एका घराच्या आहाराचा अभ्यास करायला सांगितलं होतं. घरातल्या प्रत्येकाचा तीन दिवसांचा हिशोब. बाबांचा झाला, आजीचा झाला (आजीनं स्वतःबरोबर शेजारच्या काकूंचाही सांगितला, न विचारता). राहिली आई.

इथे जरा मागे जाऊन एक गोष्ट सांगायला हवी. त्याच वर्षी मी आईला वाढदिवसाला स्मार्टवॉच दिलं होतं. आई दमते, धाप लागते म्हणायची. माझं निदान तयार होतं, व्यायाम नाही. घड्याळ आल्यावर कळलं की आई घरातल्या घरात दिवसाला दहा हजार पावलं चालते. मी ते स्क्रीनशॉट आमच्या घरच्या ग्रुपवर टाकायचो. काका अंगठे दाखवायचे, मामा टाळ्या वाजवायचा. आई आमच्या घरची चॅम्पियन झाली होती.

तर धाकटी वही घेऊन स्वयंपाकघरात ओट्याशी बसली. मी दाराशी मोबाईल चाळत उभा. आई चकलीची भाजणी चाळत होती.

"काल सकाळपासून काय काय खाल्लंस ते सांग."

आईनं सांगितलं. सकाळी पोहे. दुपारी पोळी, मेथीची भाजी, वरणभात, काकडीची कोशिंबीर. संध्याकाळी चहा-चिवडा. रात्री भाकरी, पिठलं, ताक. मी मनात म्हटलं, वा, हे तर पुस्तकातलं जेवण आहे.

धाकटीनं सगळं लिहिलं. मग दुसरी फेरी सुरू केली, त्याच निर्विकार चेहऱ्यानं.

"पोहे किती? ही वाटी, की ही?"

"अगं, तुम्ही सगळ्यांनी खाल्ले ना. चार वाट्या केले होते."

"तू किती घेतलेस?"

"मला कुठे.. पातेल्याला लागलेले खरवडून घेतले."

"बरं. कोशिंबीर?"

"ती बाबांना लागते. उरली नव्हती."

"मेथी?"

"तुझ्या दादाला आवडते म्हणून केली होती. त्यानं दोनदा घेतली."

मी मोबाईल खिशात ठेवला.

अर्ध्या तासात वहीचं पान पार बदललं. पहाटे चहा. साडेनऊला चहा आणि एक खारी. अडीच वाजता, सगळ्यांचं आवरून झाल्यावर, एक पोळी, आमटीचं पाणी आणि थोडा भात. पाच वाजता चहा. रात्री सकाळची अर्धी भाकरी, शेंगाचटणी, ताक. पहिल्यांदा आईनं जी यादी दिली होती ती तिनं वाढलेल्याची होती. तीत खोटं काही नव्हतं. ते सगळे पदार्थ तिनं काल केले होते, वाढले होते. काय खाल्लंस या प्रश्नाचं उत्तर तिच्या डोक्यात तसंच साठवलेलं होतं.

मला वाटलं, संपलं. पण धाकटीनं शेवटचा प्रश्न विचारला, जो माझ्या बिर्याणीच्या वेळीही विचारला होता. "अजून काही? काम करता करता तोंडात टाकलेलं?"

आई हसली. "तांदूळ."

"कसले तांदूळ?"

"अगं, निवडताना मूठभर खाते की मी. कच्चे. बरे लागतात."

पलीकडून आजीचा आवाज आला. "लग्नात पाऊस पडेल म्हणून आयुष्यभर खाल्ले नाहीत हिनं, आता लग्न होऊन गेलं म्हणून खाते!" कच्चे तांदूळ खाल्ले की लग्नात पाऊस पडतो, हे आपल्याकडे म्हणतात ना, तेच. आईच्या तांदळांवरचा हा विनोद आमच्या घरात वर्षभर तरी चालला होता. मीसुद्धा हसलो.

धाकटीनं पेन्सिल खाली ठेवली. "रोज?"

"हो.. जवळजवळ."

ती उठली, आईला खिडकीपाशी उजेडात घेऊन गेली, खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली. मग तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मी बाहेर.

आत काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं (आणि हा भाग आईची परवानगी घेऊनच लिहितोय). आईची पाळी दीड-दोन वर्षांपासून फार त्रासाची झाली होती. आठ-आठ दिवस रक्त जायचं. वय झालं की असं होतं, असं तिला वाटलं आणि ती कुणाला बोलली नाही. कुणाला बोलणार? बाबांना? मला?

दार उघडलं तेव्हा मी तयार होतो. चांगल्या इंजिनिअरसारखा दोन मिनिटांत उपाय शोधून. "बीट, डाळिंब, खजूर. आणि लोखंडी कढई. आत्ता ऑर्डर करतो."

"दादा," ती म्हणाली, "बीट लाल असतं म्हणून रक्त वाढत नाही. त्यात लोह फारसं नसतंच. आणि हे खाऊन भरून निघणारं प्रकरण नाहीये. कच्चे तांदूळ, माती, बर्फ असलं खावंसं वाटणं हे बऱ्याचदा लोह खूप कमी झाल्याचं लक्षण असतं. आणि रक्त जातंय. आधी तपासणी, मग डॉक्टर. माझा विषय त्यानंतर सुरू होतो."

तीन वर्षांच्या डिग्रीची दीड वर्षंसुद्धा झाली नव्हती. एखादा चार्ट लिहून देऊन ती मोकळी होऊ शकली असती. इन्स्टाग्रामवर चार दिवसांचा कोर्स केलेले लोक देतातच की. आपला विषय कुठे संपतो हे तिला शिकवलं गेलं होतं. आमच्या धंद्यात हे समजायला लोकांना दहा वर्षं लागतात, काहींना तर तेव्हाही कळत नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आईचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.१. बाईमाणसाचं बारा तरी हवं. आठच्या खाली गेलं तर गंभीर म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी सांगितली आणि त्यात गर्भाशयात गाठ निघाली. साधी होती, पण रक्त जात होतं ते तिच्यामुळे. शिरेतून लोह दिलं, आणि रक्त वर आल्यावर जानेवारी २०२३ मध्ये ऑपरेशन झालं. आई आता ठणठणीत आहे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "एवढ्या रक्तावर तुम्ही घरात काम कसं करत होता?" आईनं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "दहा हजार पावलं व्हायची," ती म्हणाली, जरा अभिमानानंच.

मला तिथे उभं राहवेना. मी पार्किंगमध्ये जाऊन गाडी पुसत बसलो. वर्षभर मी ते स्क्रीनशॉट टाकत होतो. माझ्याकडे तिच्या प्रत्येक पावलाचा डेटा होता आणि ती जेवते काय हे मला माहीत नव्हतं. तेवीस वर्षं त्याच स्वयंपाकघरात जेवलेला मी.. आणि मेथी दोनदा घेतलेला.

नंतर धाकटीनं आकडे दाखवले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे ५४ जणींना रक्तक्षय निघाला. देशभरात ५७. आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे पाळी येणाऱ्या बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला १९. म्हणजे ज्या माणसाला लोह जास्त हवं तो माणूस शेवटी जेवतो, आणि उरलेलं जेवतो. वर जेवणाला लागून चहा घेतो, जो असलेलं लोहही नीट शोषू देत नाही. हे वाक्य मी इतक्या कोरडेपणानं लिहितोय कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं मला लिहिता येत नाहीये.

तुम्ही म्हणाल, मग आता आई तुमच्याबरोबर जेवायला बसत असेल. नाही बसत. धाकटीनं पहिल्या आठवड्यात तो प्रयत्न करून बघितला. आई बसायची आणि दर दोन मिनिटांनी उठायची. कुणाला पोळी, कुणाला मीठ. तिचं पान तसंच. सवय लागलीये, आणि पंगतीत बसून तिला खरंच घास उतरत नाही. मग धाकटीनं कॉलेजात शिकवलेलं तंत्र वापरलं, की माणसाची सवय मोडायला जाऊ नये, तिच्यात बसेल असा बदल शोधावा.

तिनं डबा काढला. माझा शाळेचा, स्टीलचा, तीन पुडांचा. आईनं पंचवीस-सव्वीस वर्षं आमचे सगळ्यांचे डबे भरले. बाबांचा बँकेचा, माझा, धाकटीचा. डबा ही आमच्या घरात पवित्र गोष्ट आहे. डब्यातलं दुसऱ्याला वाढत नाहीत. तर आता स्वयंपाक झाला की पहिल्यांदा आईचा डबा भरायचा. भाजी, डाळ, कोशिंबीर, पोळ्या, वर लिंबाची फोड (लिंबानं लोह चांगलं शोषलं जातं). मग बाकीच्यांची पानं. आई तिच्या वेळेला, अडीच वाजता, तिच्या खुर्चीत बसून टीव्ही लावून डबा उघडते. चहा त्यानंतर तासाभरानं. डबा भरायचं काम बाबांकडे आहे. सुरुवातीला ते कोशिंबीर विसरायचे. आता आम्हाला फोटो पाठवतात. ग्रुपवर हल्ली पावलांऐवजी डबे असतात.

धाकटी २०२४ मध्ये पास झाली. शेवटच्या वर्षात तिनं एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम शिकलं. तिथे मूत्रपिंडाच्या पेशंटसाठी भाज्या चिरून भरपूर पाण्यात भिजवून ते पाणी फेकून देतात, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून. आणि नातेवाईक प्रेमानं शहाळं घेऊन येतात, जे अशा पेशंटला धोक्याचं ठरू शकतं. ते शहाळं न दुखावता परत कसं पाठवायचं, हाही अभ्यासक्रमच. सध्या एम.एस्सी. चालू आहे. त्यानंतर सहा महिन्यांची इंटर्नशिप आणि परीक्षा, मग नोंदणीकृत आहारतज्ज्ञ. पहिला पगार माझ्या पहिल्या पगारापेक्षा कमीच असेल असं ती म्हणते. मी आता त्यावर काही बोलत नाही.

फीचे पैसे मी दिले होते, हे मी तिला मध्यंतरी एकदा गमतीत ऐकवलं. ती म्हणाली, "हो, आणि टोमणे नकोत म्हटलं होतं, ते मात्र फुकट दिलेस." मी माफी मागितली. खरीखुरी, गंमत न करता. ती "चल रे" म्हणून कपडे मशीनमध्ये टाकायला गेली.

एक छोटी गोष्ट तिच्याकडून उचलली, ती तुम्हालाही देतो. मी रोज रात्री घरी फोन करतो. पूर्वी विचारायचो, "आई, जेवलीस का?" त्याचं उत्तर आई नेहमी "हो" असंच देते. हो म्हणण्यासाठीच तो प्रश्न असतो. हल्ली विचारतो, "आज डब्यात काय काय होतं?" मग ती सांगते. पहिल्यांदा वाढलेलंच सांगते, अजूनही. मी थांबतो, आणि पुन्हा विचारतो.

असो. फारच लांबलं. पोहे भिजवून अर्धा तास झालाय, त्यांचा आता लगदा झाला असणार. धाकटी उठायच्या आत काहीतरी करायला हवं, नाहीतर वही काढेल.